पेटीच्या तळाशी

“घरात, कामाच्या जागी उंदीर वगैरे आहेत का?” डॉक्टरबाईंनी हातातल्या कागदावरून नजर न उचलता विचारलं.

प्रश्न साधा होता. दिवसभरात त्या किती जणांना तो विचारत असतील. पण बोकेमामांच्या तो वर्मी लागला. बायको समोर खाटेवर तापाने फणफणलेली, सकाळपासून स्वतःच्या पोटात अन्नाचा कण नाही, आणि तरीही त्यांची मान ताठ झाली.

“उंदीर? माझ्या कोठीत?” ते म्हणाले. “काय बोलताय डॉक्टरबाई! माझ्या कोठीत उंदराचा एक केस जरी सापडला ना, तरी नोकरी सोडून देईन मी.”

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मान वळवून पाहिलं. लेकीने ओशाळून गळ्यातली शिवणकामाची टेप काढून पर्समध्ये टाकली. आईला दवाखान्यात आणताना ती मशीनवरून तशीच उठून आली होती आणि टेप गळ्यातच राहिली होती.

“बाबा जनावरांच्या खाद्याची कोठी सांभाळतात, डॉक्टर,” ती म्हणाली. “मोठा गोठा आहे. तिथे उंदीर फिरकत नाही म्हणून तर सगळे यांना बोकेमामा म्हणतात.”

डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. “बरं, म्हणजे ते नाही,” म्हणत त्यांनी कागदावर एक रेघ मारली. “मग डेंग्यू-मलेरियाचे रिपोर्ट येऊ देत. तोवर सलाईन चालू ठेवू. पाणी पाजत राहा.”

मामींचे डोळे लालभडक झाले होते, रडून नव्हे, आतूनच. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चादरीचं वजनसुद्धा सोसवत नव्हतं, म्हणून लेकीने चादर गुडघ्यांपर्यंत वर सारून ठेवली होती. डॉक्टरबाईंनी उंदरांचं विचारलं तेव्हा मामींचे ओठ किंचित हलले होते. पण मामा बोलायला लागले आणि मामींनी ओठ मिटून घेतले. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. नवरा बोलत असताना मामींनी तोंड उघडायचं आणि मग मिटायचं, हे त्या घरात इतक्या वर्षांचं होतं की त्याच्याकडे लक्ष द्यायचं कारणच नव्हतं.

दुपार कलायला लागली तसे मामा उठले. “गाईंची वेळ झाली,” ते म्हणाले.

“आज दुसरं कोणी घालील की खाद्य,” लेक म्हणाली.

“दुसऱ्या कोणाकडे चावी आहे?”

चावी कोणाकडे देत नव्हते ते कधीच. मामींकडे असायची तेवढीच. मामींनी खाटेवरूनच हात हलवला, जा म्हटल्यासारखा, आणि मग मामा वळल्यावर हळूच म्हणाल्या, “अहो, नवी पेटी नका उघडू. बाकीच्यांतलं घाला.”

“का?”

“तिच्यातलं मी बघीन आल्यावर.”

तापात माणूस काहीही बोलतं, असं म्हणून मामा निघाले.

या पेट्यांचं सांगायला हवं, कारण मामांचं सगळं आयुष्य त्या पेट्यांत भरलेलं होतं. पूर्वी गोठ्यावर खाद्याची पोती जमिनीवरच रचलेली असायची, भिंतीला टेकून. उंदरांची नुसती चंगळ होती. पोत्याला खालून भोक पडायचं, वरून पोतं भरलेलं दिसायचं आणि उचलायला जावं तर अर्धं खाद्य जमिनीवर. मांजरं आणून पाहिली, तर ती गोठ्यातलं दूध पिऊन गलेलठ्ठ झाली आणि त्यांनी उंदरांशी तह केला. एकदा विषाच्या गोळ्या ठेवल्या, तर त्या एका वासराच्या पोटात गेल्या. त्या वासराचे पाय झाडणं मामांनी पाहिलं आणि त्यानंतर कोठीत विष येऊ दिलं नाही. पत्र्याची मोठी कणगी बनवून घ्यावी म्हटलं, तर तिची किंमत ऐकून मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला.

मग एकदा भंगारवाल्याच्या दारात मामांना आइस्क्रीमच्या दुकानातून मोडीत निघालेली एक लांबलचक फ्रीजरची पेटी दिसली. मशीन मेलेलं, पण अंग धडधाकट. आतबाहेर पत्रा, मधे जाड फोम, रबर लावलेलं झाकण. मामांनी झाकण उघडून बंद केलं, पुन्हा उघडून बंद केलं, आणि भंगारवाल्याला वाटलं हा माणूस आत झोपून बघणार आता. त्याने ती भंगाराच्या भावात दिली. तिच्यात पोत्यांची एक रासच्या रास मावली. ओल नाही, बुरशी नाही, आणि उंदराच्या दातांना धरायला कुठे कडा नाही. मग दुसरी आणली, तिसरी आणली. सगळ्या विटांवर चढवून ठेवल्या, भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे खालून-मागून झाडू फिरावा आणि लपायला आडोसा राहू नये. झाकणांना कडीकुलूप, म्हणजे गोठ्यावरच्या कामगारांची पोरं खेळताखेळता आत शिरून बसायला नकोत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तळाचं भोक. फ्रीजरच्या पेटीला वितळलेलं पाणी बाहेर जायला तळाशी एक भोक असतं. ते उघडं राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात. मामा त्यात भांडी घासायची तारेची घासणी दाबून भरायचे आणि वर सिमेंट थापायचे. उंदीर लाकूड कुरतडेल, प्लॅस्टिक कुरतडेल, पण तार त्याच्या तोंडाला टोचते.

गोठ्यावरच्या दूध काढणाऱ्यांनी आधी चेष्टेने ‘बोका’ म्हणायला सुरुवात केली. मग चेष्टा मागे पडली आणि ‘मामा’ पुढे चिकटलं. दुसऱ्या गोठ्यांवरचे लोक पेट्या बघायला यायला लागले. मामा त्यांना ओणवं करून एकेक भोक दाखवायचे आणि “बघा, हात लावून बघा” म्हणायचे. साध्या माणसाला आयुष्यात एवढी फुशारकी मिळाली तर ती त्याने का सोडावी?

कोठीचं कुलूप काढून मामांनी भराभर हात चालवायला घेतला. गाई हंबरत होत्या. घरात कोण आजारी आहे हे गाईंना कळत नाही, त्यांना वेळ कळते. पहिल्या दोन पेट्या जवळजवळ रिकाम्या होत्या, तिसरीतलं खाद्य वासरांचं होतं. म्हणजे नवी पेटीच उघडणं आलं.

नवी पेटी म्हणजे कोपऱ्यातली, सगळ्यांत मोठी. ती आल्यापासून तिच्यातलं खाद्य मामीच काढत होत्या. मामांची कंबर धरायची, आणि मामी चणीने लहान. खाद्य तळाला गेलं की त्या अर्ध्या पेटीच्या आत आणि अर्ध्या बाहेर, पाय अधांतरी, अशा ओणव्या व्हायच्या. “बघा, मामी पेटीत उतरल्या,” म्हणून दूधवाले हसायचे. मामीही आतून हसायच्या, आणि पेटीतून ते हसणं घुमत यायचं.

मामांनी झाकण उघडलं. वरचं खाद्य चांगलं होतं, कोरडं, पिवळसर. त्यांनी माप खुपसलं आणि तेव्हाच त्यांना पेटीच्या मागे खिळ्याला टांगलेली चाळणी दिसली.

ती त्यांच्या घरातली पिठाची चाळणी होती. या चाळणीवरून घरात चांगली कटकट झाली होती. कणकेत कोंडा लागतो म्हणून मामांनी ताट सरकवलं होतं, आणि “चाळणी हरवलीय कुठेतरी, सापडली की चाळीन,” असं म्हणून मामींनी वेळ मारून नेली होती. ती चाळणी इथे कशी? मामांनी हात घालून ती काढली. तिच्याखाली, पेटी आणि भिंत यांच्यामधे, तोंड बांधलेली एक छोटी पिशवी होती.

त्यांनी ती सोडली. आत काय असणार हे त्यांच्या नाकाला आधीच कळलं होतं. लेंड्या होत्या, मूठमूठभर. त्यांत खाद्याची कुरतडलेली टरफलं, फोमचा चुरा आणि निळ्या पट्ट्यांच्या कापडाचे बारीक बारीक तुकडे.

निळे पट्टे मामांनी लगेच ओळखले. ते त्यांच्याच जुन्या पायजम्याचं कापड होतं.

नवी पेटी आली त्या दिवशी त्यांनीच ते भोकात कोंबलं होतं. खाद्याची गाडी दारात येऊन उभी होती आणि ड्रायव्हर घाई करत होता. त्यातच शेजारच्या गोठ्यावरची माणसं पेट्या बघायला आली होती. घासणी आणायला वेळ कोणाला? मामांनी चिंधी कोंबली, उद्या घासणी भरून सिमेंट लावू म्हणाले, वरून खाद्य ओतून घेतलं आणि त्या पाहुण्यांना घेऊन बाकीच्या पेट्यांची बुजवलेली भोकं दाखवत फिरले. तो उद्या काही उगवला नाही. मागचं जुनं धान्याचं गोदाम पाडलं गेलं, तिथले उंदीर बेघर झाले, आणि त्यांना हे दार सापडलं.

मामांनी वाकून पेटीच्या भिंतीला कान लावला. आत, दोन पत्र्यांच्या मधल्या फोममधे, काहीतरी खसखसलं, थांबलं आणि पुन्हा खसखसलं.

त्यांना एकेक आठवायला लागलं आणि थांबेना. मामी एकदा म्हणाल्या होत्या, “नव्या पेटीला कसलातरी वास येतो हो.” ते ताडकन म्हणाले होते, “माझ्या कोठीत? तुझ्या नाकाला काहीतरी झालंय.” मामी पुन्हा एकदा, भीत भीत, “तळाला ओलसर लागतं,” म्हणाल्या होत्या. तेव्हा ते काय म्हणाले होते हेही त्यांना आठवलं आणि कोणी समोर नसताना त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर मामी काही बोलल्या नाहीत. त्या रोज मामांच्या आधी कोठीत यायच्या, “तुम्ही चहा घ्या सावकाश,” म्हणायच्या. मामांना वाटायचं, बायको म्हातारपणी प्रेमळ झाली. ती बिचारी पेटीत उतरून, उंदरांनी मुतून ठेवलेलं खाद्य उघड्या हातांनी उपसत होती, चाळत होती आणि नवऱ्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून घाण पिशवीत बांधून नेऊन पुरत होती.

आता डॉक्टरबाईंचा प्रश्न त्यांना नीट ऐकू आला.

त्यांनी झाकण लावलं, कुलूप घातलं, वासरांच्या पेटीतलं खाद्य गाईंना कसंबसं वाटलं आणि फोन काढला.

“बाबा, मीच करणार होते,” लेकीचा आवाज बसलेला होता. “आईला सकाळपासून लघवी झालेली नाही. एवढं सलाईन गेलं तरी नाही. डॉक्टर म्हणाल्या, मूत्रपिंडावर आलंय. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. कशामुळे तेच कळत नाही म्हणतायत. तुम्ही या लवकर.”

सांग, सांग आता, असं मामांचं मन ओरडत होतं. घशातून आवाज फुटला तो एवढाच: “येतो.” फोन बंद झाल्यावर त्यांनी स्वतःला एक सणसणीत शिवी घातली आणि पुन्हा लावला. लेकीने उचलला नाही.

मालकीणबाईंची गाडी तेवढ्यात फाटकातून आत आली. “मामा, बसा, मी दवाखान्यातच निघालेय,” त्या म्हणाल्या. मागच्या सीटवर त्यांनी फळांची पिशवी ठेवली होती. बाई चांगल्या होत्या, आणि म्हणूनच मामांना अधिक धडकी भरली. ओरडणाऱ्या माणसापुढे चूक कबूल करणं त्यामानाने सोपं असतं.

रस्ताभर बाई बोलत होत्या. “परवा ते लोक येणार आहेत, आठवतंय ना? चांगले दहाबाराजण आहेत, सगळ्यांचे गोठे आहेत. त्यांना पत्र्याच्या कणग्या परवडत नाहीत. मी सांगितलं, आमच्या मामांच्या पेट्या बघा. पण आता मामींचं असं झालंय, तर पुढे ढकलू का?”

“बाई,” मामा म्हणाले.

“बोला ना.”

समोर ट्रक आडवा आला. बाईंनी ब्रेक लावला, ट्रकवाल्याच्या नावाने बोटं मोडली आणि काय विचारलं होतं ते विसरून गेल्या. मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. पुढच्या वळणावर सांगू. वळण आलं. बाजार संपला की सांगू. बाजार संपला. मांडीवर ठेवलेल्या, कोठीत सापडलेल्या पिशवीचं तोंड मामांनी घट्ट आवळून धरलं होतं. ती पिशवी त्यांनी बरोबर आणली होती. न बोलता आलं तर निदान दाखवता येईल, एवढाच विचार त्यामागे होता.

खाटेपाशी डॉक्टरबाई उभ्याच होत्या. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मामींचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता आणि डोळ्यांचा लालपणा आता पिवळ्यावर झुकला होता. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लावलेली होती. ती रिकामी होती.

“मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल बहुतेक,” डॉक्टरबाई सांगत होत्या. “तिथे रक्त शुद्ध करायचं मशीन आहे. पण मूळ काय आहे ते कळलं तर—”

“उंदीर आहेत,” मामा म्हणाले.

आवाज नको तेवढा मोठा निघाला. म्हाताऱ्याने पुन्हा मान वळवली. नर्स थांबली.

“मामा?” मालकीणबाई म्हणाल्या.

“आहेत, बाई. माझ्या कोठीत उंदीर आहेत. नव्या पेटीत. भोक मीच बुजवलं नाही. ही तिथली घाण आहे.” त्यांनी पिशवी पुढे केली, आणि मग दवाखान्यात असलं काही आणू नये हे लक्षात येऊन ती पाठीमागे धरली. “हिने रोज हातांनी साफ केलीय. मला कळू दिलं नाही.”

डॉक्टरबाई एकदम बदलल्या. कधीपासून, रोज का, हातांना चिरा आहेत का, असे प्रश्न त्यांनी एकापाठोपाठ एक विचारले. मामांनी मामींचा हात उचलून तळवा उलटा केला. बोटांच्या पेरांत भेगा होत्या, काही तर ताज्या लाल. इतक्या वर्षांत या हाताकडे आपण नीट पाहिलंच नव्हतं, असं मामांना वाटलं आणि त्यांना स्वतःचा संताप आला.

“उंदरांच्या लघवीतून होतो हा ताप,” डॉक्टरबाई नर्सला इंजेक्शनाचं नाव सांगून मामांकडे वळल्या. “रिपोर्ट यायला वेळ लागेल, पण मी थांबत नाही, आत्ताच सुरू करते. सकाळीच का नाही सांगितलंत?”

“सकाळी मला माहीत नव्हतं.” मामा थांबले. “म्हणजे, मला माहीत करूनच घ्यायचं नव्हतं.”

गोठ्यावर कोठीत काम करणाऱ्या सगळ्यांना गोळ्या द्याव्या लागतील, त्या पेटीतलं खाद्य जनावरांना घालू नका, हातमोज्यांशिवाय तिला हात लावू नका, असं डॉक्टरबाई मालकीणबाईंना बजावत राहिल्या. बाई माना डोलवत होत्या. मामांकडे त्यांनी पाहिलं नाही.

सगळे पांगल्यावर मामा खाटेजवळच्या स्टुलावर बसले. लेक औषधं आणायला गेली होती. मामींनी डोळे उघडले.

“पेटी उघडलीत ना शेवटी.”

“तुला माहीत होतं,” मामा म्हणाले. “सगळं माहीत होतं. आणि डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हाही गप्प बसलीस? जिवावर बेतलंय गं तुझ्या. एक शब्द बोलायला काय झालं होतं?”

मामींना बोलायला त्रास होत होता.

“तुम्ही आधीच नाही म्हणून सांगितलं होतंत,” त्या म्हणाल्या. “मग चारचौघांत मी हो कशी म्हणू?”

यात तक्रार नव्हती. मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तशा त्या बोलल्या आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. मामा मात्र तोंडावर उपरणं धरून, आवाज बाहेर पडू न देता, लहान मुलासारखे रडले.

पुढचा दिवस सगळ्यांनी लघवीच्या त्या रिकाम्या पिशवीकडे बघत काढला. ताप थोडा उतरला, पिशवी रिकामीच राहिली. डॉक्टरबाई येत, पिशवी बघत आणि जात. मोठ्या दवाखान्यात खाट मोकळी झाली की हलवायचं ठरलं. लेक कोणाकोणाला फोन करत होती. मामांच्या जिवाला थारा नव्हता. ते खाटेपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून खाटेपर्यंत फेऱ्या घालत होते, तेव्हा नर्सने त्यांना हाकललं. “काका, तुमच्या बघण्याने काही होणार नाही. जा, जनावरं बघा जा तुमची.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई कोठीच्या दारात आल्या. “मामा, मी त्या लोकांना नको म्हणून कळवते,” त्या म्हणाल्या. परवापासून त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी सरळ बोलत होत्या. “काहीतरी कारण सांगेन. कशाला उगाच.”

“येऊ देत, बाई.”

“अहो, काय दाखवणार आहात त्यांना?”

“तेच दाखवतो.”

बाई मान हलवून गेल्या.

पाहुणे आले तेव्हा नवी पेटी अंगणात होती. मामांनी हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून ती रिकामी केली होती. आतलं खाद्य खोल खड्ड्यात पुरलं होतं. उंदीर माणसांच्या गलक्याने केव्हाच पसार झाले होते. पोखरलेला फोम तेवढा मागे राहिला होता. पाहुण्यांपैकी एकजण बरोबर आलेल्याला म्हणाला, “हेच का ते, बोकेमामा?” आणि मामांनी ते ऐकलं.

“हो, मीच,” ते म्हणाले. “बाकीच्या पेट्या नंतर बघू. आधी ही बघा. हात लावू नका, लांबून बघा.” त्यांनी पेटी एका कुशीवर कलंडवायला जोर लावला. पेटी जड होती, दोनदा घसरली, तिसऱ्यांदा कलंडली. तळाचं भोक समोर आलं. कडा कुरतडून चांगलं मोठं झालं होतं ते. “इथून आले. मी इथे चिंधी कोंबली होती. आज राहू दे, उद्या करू म्हटलं. तुम्ही असं करू नका. पेटी दारात आली की पहिलं काम हे. गाडीवाला बोंबलू दे, पाहुणे खोळंबू देत. आणि पेटी तळापर्यंत रिकामी केल्याशिवाय वरून नवं ओतू नका. मी ओतलं. आणि तळ बघायला बायकोला पाठवलं.”

पाहुण्यांत एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी हळूच विचारलं, “घरच्यांना बरं नाही म्हणे?”

“हो,” मामा म्हणाले. “यानेच.”

खिशातला फोन वाजला. लेकीचा होता. मामांना तो उचलवेना. हातमोजा काढता निघेना, निघाला तेव्हा फोन वाजायचा थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. त्यांनी तो कानाला लावला. अंगणात सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“काय?” ते ओरडले. “काय म्हणालीस? पुन्हा सांग.”

त्यांनी ऐकून घेतलं. मग फोन तसाच कानाला धरून ते त्या अनोळखी माणसांकडे वळले. या माणसांपुढे असं काही बोलू नये, याचं त्यांना भानच राहिलं नाही.

“लघवी झाली हो,” ते म्हणाले. “हिला लघवी झाली. पिशवी अर्धी भरली म्हणतायत.”

कोणी हसलं नाही. वयस्कर बाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मामांनी फडक्याने डोळे पुसले, हातमोजा पुन्हा घातला आणि पेटीचा तळ सगळ्यांना नीट दिसावा म्हणून ते ती आणखी वळवायला वाकले. मघाशी लांब उभ्या राहिलेल्यांपैकी दोघांनी, कामगारांसाठी फाटकाजवळ ठेवलेल्या खोक्यातले हातमोजे उचलून हातांत घातले आणि पेटीला दुसऱ्या बाजूने हात लावला.